नानीच्या बोलीतले शब्द इंग्रजीत



गेल्या अंकात आपण मराठीत मुरलेल्या अरबी-फारसी शब्दांची ओळख करून घेतली. अर्ज, वकील, हिशेब, जाहीर, कायदा हे शब्द बाहेरून आले आहेत असे रोज वापरणाऱ्याला वाटतही नाही. या वेळी जरा लांबचे उदाहरण घेऊ. शब्द इंग्रजीत चालणारे आहेत, पण मूळचे इंग्रजी नाहीत.

मोबाईलवर खेळताना चित्र अचानक उडाले की आपली मुले म्हणतात, 'ग्लिच आला'. अमेरिकन मालिका पाहणारी मुले कोणाच्या लग्नाला 'माझल टॉव' म्हणताना ऐकतात, धांदरट माणसाला 'क्लट्झ' म्हणतात. मोठ्या शहरांतल्या बेकरीत आता मधे भोक असलेला 'बेगल' नावाचा पाव दिसतो. हे चारही शब्द एकाच भाषेशी जोडलेले आहेत. तिचे नाव यिद्दिश. ती युरोपातल्या ज्यू लोकांची घरची बोली. 'ग्लिच'बद्दल कोशकार थोडे सावध असतात, पण बहुतेक जण त्याचे मूळ यिद्दिशमधल्या 'घसरणे' या अर्थाच्या शब्दात शोधतात. अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी १९६२ मध्ये हा शब्द समजावून सांगितला होता, तेव्हा तो विजेच्या दाबातल्या अचानक चढउतारासाठी वापरला जात असे. पुढे तो संगणकात आणि तिथून मुलांच्या खेळात आला.

काही वाचक विचारतील, आपल्या मासिकात ज्यूंच्या भाषेचे काय काम? राजकारण आणि सरकारे यांच्याबद्दल आपली मते ठाम आहेत आणि ती असावीत. पण भाषा ही सरकारची नसते. यिद्दिश ही शिंपी, बेकरीवाले, दूधवाले, सुतार आणि त्यांच्या बायका यांची भाषा होती. माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी आहे, असे सूरह रूममध्ये (आयत २२) सांगितले आहे. निशाणी पाहायची असेल तर डोळे उघडे ठेवावे लागतात. शिवाय या भाषेच्या गोष्टीत आपल्या घरांसाठी एक इशारा आहे. तो शेवटी येईल.

ही भाषा कशी घडली?

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी राहणारे ज्यू शेजाऱ्यांची जर्मन बोली बोलू लागले. तिचा सांगाडा जर्मन राहिला, पण धर्म, विद्या, नाती आणि घरगुती व्यवहार यांतले बरेच शब्द हिब्रू आणि आरामी भाषांतून आले. पुढे छळ आणि हकालपट्टी यांमुळे हे लोक पूर्वेकडे पोलंड, लिथुआनिया, युक्रेनकडे सरकले, तेव्हा स्लाव्ह भाषांतले शब्दही तिच्यात मिसळले. लिहायची मात्र हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे.

आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. उर्दूचा सांगाडा इथला, दिल्लीच्या आसपासच्या बोलीचा. शब्द अरबी-फारसीतून भरपूर आलेले. लिपी उजवीकडून डावीकडे. त्यांची मुळाक्षरे 'अलेफ, बेस, गिमल, दालेद' अशी सुरू होतात. ७८६ चा आकडा ज्या हिशेबाने काढतात त्या 'अबजद'मधली पहिली चार अक्षरे आठवा: अलिफ, बे, जीम, दाल. क्रम तोच आहे. ज्यू लोकही अक्षरांवरून आकडे काढतात. 'जिवंत' या अर्थाच्या त्यांच्या 'ख़ाय' शब्दाचे अठरा होतात, म्हणून भेटीची रक्कम अठराच्या पटीत देण्याची त्यांच्यात पद्धत आहे. आपल्या 'हय्य' या शब्दाचेही अबजदने अठराच होतात. दोन्ही शब्दांचे मूळ एक, आणि त्याच मुळातून आपला 'हयात' आला आहे.

यिद्दिशचे सर्वांत जुने तारीख असलेले वाक्य जर्मनीतल्या वर्म्स शहरातल्या १२७२ च्या एका प्रार्थनाग्रंथात सापडते. ग्रंथ हिब्रूत आहे. त्यातल्या एका मोठ्या अक्षरी हिब्रू शब्दाच्या पोकळीत कोणीतरी घरच्या भाषेत दुआ लिहून ठेवली आहे: हा ग्रंथ जो प्रार्थनाघरात वाहून नेईल त्याचा दिवस चांगला जावो. ग्रंथ चांगलाच जड असणार.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सगळे ज्यू यिद्दिश बोलत नव्हते. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना रायगड जिल्ह्यात 'शनिवार तेली' म्हणत कारण ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, त्यांची मातृभाषा मराठी. त्यांतले बरेच जण इस्राएलला गेले, पण तिथे त्यांनी मराठी नियतकालिक चालवले आणि त्याचे नाव ठेवले 'मायबोली'. यिद्दिश बोलणारे आपल्या भाषेला 'मामे-लोशन' म्हणत. 'मामे' म्हणजे आई आणि 'लोशन' म्हणजे जीभ, भाषा. अरबीतला 'लिसान' तोच. म्हणजे अर्थ झाला मायबोली! धर्मग्रंथाच्या हिब्रूला ते 'लोशन-कोयदेश' म्हणत, पवित्र भाषा. 'कोयदेश' आणि आपला 'मुकद्दस' एकाच मुळाचे. इबादतीची भाषा एक आणि चुलीजवळची भाषा दुसरी, ही विभागणी आपल्या घरांना नवी नाही.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. तेव्हापासून १९२४ च्या कडक कायद्याने दार जवळजवळ बंद होईपर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. त्यांतले पुष्कळ न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या भागात दाटीवाटीने राहिले. एका खोलीत कुटुंब, त्याच खोलीत शिवणयंत्र. १८९७ मध्ये तिथे 'फोरवर्ट्स' हे यिद्दिश वर्तमानपत्र सुरू झाले. भरभराटीच्या काळात त्याचा खप दोन लाखांच्या वर होता. १९०६ पासून त्यात 'बिंटेल ब्रीफ' म्हणजे 'पत्रांचा गठ्ठा' नावाचे सदर येऊ लागले. नवरा सोडून गेला, मुलगा नमाजासारखी त्यांची प्रार्थना टाळतो, मालक पगार बुडवतो, अशी पत्रे लोक पाठवत आणि संपादक उत्तर देत. आपल्या मासिकातले वाचकांच्या प्रश्नांचे पान ज्यांना आवडते त्यांना ते सदर ओळखीचे वाटले असते.

या वस्तीतून नाटकवाले, विनोदी नट, चित्रपट लिहिणारे आणि वकील निघाले. ते इंग्रजी बोलू लागले तरी घरचे शब्द तोंडातून सुटले नाहीत. रंगभूमी, रेडिओ, चित्रपट यांतून ते शब्द सगळ्या अमेरिकेने ऐकले आणि मग इतरत्रही पसरले.

चूल, बाजार आणि टोमणे

आता शब्दच पाहू. सुरुवात स्वयंपाकघरातून.

'बेगल'ची कणीक आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग भट्टीत भाजतात. 'नॉश' म्हणजे भूक नसताना अधूनमधून तोंडात टाकत राहणे. 'श्माल्ट्झ' म्हणजे कोंबडी किंवा हंसाची वितळवून काढलेली चरबी. ती का लागे? डुकराची चरबी ज्यूंनाही हराम. मांसाच्या पदार्थात लोणी घालायलाही त्यांच्यात मनाई, आणि थंड मुलुखात तेलबियांचे तेल महाग. म्हणून घरोघरी पक्ष्याची चरबी साठवत. इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ झाला भावनांचा अतिरेक. ज्या चित्रपटात आई आंधळी, मुलगा हरवलेला आणि शेवटी पावसात भेट, तो 'श्माल्ट्झी'. आपण म्हणू, तुपात जास्तच थबथबलेला.

'कोशर' हा शब्द तर आपल्या 'हलाल'चा शेजारी. त्याचा मूळ अर्थ योग्य, नियमात बसणारा. स्वयंपाकघरातून निघून तो इंग्रजीत व्यवहारात गेला. एखाद्या सौद्यात गडबड वाटली की इंग्रज माणूस म्हणतो, हे काही कोशर दिसत नाही. आपणही 'हलालची कमाई' म्हणतो तेव्हा मांसाबद्दल बोलत नसतो, आणि 'नमकहराम' हा शब्द तर मराठीत सगळेच वापरतात.

'श्लेप' म्हणजे ओझे ओढत नेणे, किंवा कंटाळवाणा लांबचा फेरा. मराठीतला 'हेलपाटा' त्याला अगदी बरोबर बसतो. 'क्वेच'चा मूळ अर्थ दाबणे, पिळणे. इंग्रजीत झाला सतत कुरकुरणे. 'क्लट्झ' म्हणजे लाकडाचा ठोकळा. आपण 'ठोंब्या' म्हणतो, कल्पना तीच. 'किबिट्झ' म्हणजे पत्ते किंवा बुद्धिबळ चालू असताना मागे उभे राहून न मागता सल्ला देणे. हा शब्द जर्मन भाषेतल्या टिटवीच्या नावावरून आला. टिटवी रात्री-अपरात्री कशी ओरडत सुटते हे शेताजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको.

'ख़ुत्स्पा' हा सर्वांत प्रसिद्ध. सुरुवातीचा 'ख़' इंग्रजांना जमत नाही, ते 'हुत्स्पा' म्हणतात. 'ख़बर' नीट म्हणणाऱ्या आपल्या मुलांना तो पहिल्या फटक्यात जमेल. अर्थ: थक्क करणारा निर्लज्जपणा. तो समजावण्यासाठी एक जुना विनोद सांगतात. एकाने आईबापांचा खून केला आणि न्यायाधीशासमोर हात जोडून म्हणाला, 'हुजूर, दया करा, मी अनाथ आहे.' हा ख़ुत्स्पा. आपल्या 'चोराच्या उलट्या बोंबा' याही पुढची पायरी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी १९९८ मधल्या एका निकालपत्रात हा शब्द वापरला. लोअर ईस्ट साइडच्या जिन्यात जन्म काढलेल्या बायांना हे कळले असते तर त्या हसल्या असत्या.

'श्लेमील' आणि 'श्लिमाझल' ही जोडी. श्लेमील म्हणजे ज्याच्या हातून गरम रस्सा सांडतो तो धांदरट. श्लिमाझल म्हणजे तो रस्सा नेमका ज्याच्या अंगावर सांडतो तो. 'श्लिम' म्हणजे वाईट, हा जर्मन. 'माझल' म्हणजे नशीब, हा हिब्रू. आता आपला 'बदनसीब' पाहा. 'बद' फारसी, 'नसीब' अरबी. मराठीने त्याच पद्धतीने 'कमनशिबी' केला. मिसळलेल्या भाषा शब्द कसे शिवतात हे यातून दिसते. 'पाणीदार' या शब्दात 'पाणी' आपले आणि 'दार' फारसी, तरी शिवण दिसत नाही.

इंग्रजीने यिद्दिशकडून शब्दांबरोबर एक खोडीही उचलली. शब्द दुसऱ्यांदा म्हणताना पुढे 'श्म' लावायचा: 'फॅन्सी-श्मॅन्सी'. अर्थ, असेल मोठे फॅन्सी, मला काय त्याचे! १९९३ मध्ये येल विद्यापीठाच्या कायद्याच्या मासिकात एक लेख आला, त्याचे शीर्षकच 'लॉसूट, श्मॉसूट' होते आणि विषय होता न्यायालयांच्या निकालांतले यिद्दिश शब्द. आपण 'चहाबिहा' म्हणतो तेव्हा अर्थ 'चहा वगैरे' असा असतो. पण आई जेव्हा म्हणते, 'अभ्यासबिभ्यास काही करत नाही', तेव्हा त्या 'बि'मध्ये 'श्म'चा सूर येतो.

पालकांसाठी एक सूचना. 'श्म'ने सुरू होणारा 'श्मक' हा शब्द मालिकांत हसत हसत वापरतात. यिद्दिशमध्ये तो असभ्य आहे, घरात वडीलधाऱ्यांसमोर कोणी उच्चारत नसे. मुलांना तेवढे सांगून ठेवावे.

आपल्या ओळखीची मुळे

हिब्रू आणि अरबी या बहिणी, म्हणून यिद्दिशमार्गे इंग्रजीत गेलेल्या काही शब्दांची मुळे आपल्या नमाजात आणि उर्दूत सापडतात.

'श्मूझ' म्हणजे गप्पा मारणे, इंग्रजीत विशेषतः कामाच्या माणसाशी गोड बोलत राहणे. तो हिब्रूतल्या 'ऐकलेल्या गोष्टी' या अर्थाच्या शब्दावरून आला. ऐकण्याचे ते मूळ अरबीत स-म-अ असे आहे. रुकूतून उठताना आपण 'समिअल्लाहु' म्हणतो, म्हणजे अल्लाहने ऐकले. मुशायऱ्यात श्रोत्यांना 'सामिईन' म्हणतात. शब्द एकाच घरचे, पण एक कुठे पोहोचला आणि दुसरा कुठे!

'मेवन' म्हणजे जाणकार. एखादी बाई बाजारात कापडाला हात लावून दर्जा सांगते, ती मेवन. त्याचे हिब्रू रूप 'मेवीन', समजणारा. अरबीतला 'मुबीन', म्हणजे स्पष्ट, आणि 'बयान' हे त्याच मुळाचे. 'माझल टॉव'मधला 'टॉव' म्हणजे चांगला. आपण 'हलाल व तय्यिब' म्हणतो त्यातला 'तय्यिब' त्याचा भाऊ. मृत्यूच्या फरिश्त्याला यिद्दिशमध्ये 'मालेख-हामोवेस' म्हणतात. 'मलकुल मौत' ऐकत मोठे झालेल्यांना याचे भाषांतर लागणार नाही.

यिद्दिशच्या एका मोठ्या लेखकाने (१८५९ ते १९१६) टोपणनाव घेतले 'शोलेम आलेइखेम'. मोठ्याने म्हणून पाहा. तो सलाम आहे, आपलाच. त्याचे उत्तरही ते आपल्यासारखेच शब्द उलटे करून देतात: 'आलेइखेम शोलेम'. टेव्ये या गरीब दूधवाल्याच्या आणि त्याच्या मुलींच्या त्यांनी लिहिलेल्या गोष्टींवरून १९६४ मध्ये 'फिडलर ऑन द रूफ' हे संगीत नाटक आले आणि जगभर गाजले. मुलींची लग्ने, पैशाची चणचण, मोडत चाललेल्या चालीरीती, आणि उठता-बसता रब्बाशी तक्रारवजा बोलणारा बाप. हे घर आपल्याला परके वाटत नाही.

सर्वांत सुंदर शब्द 'मेन्श'. जर्मनमध्ये त्याचा अर्थ केवळ माणूस. यिद्दिशमध्ये तो मोठा सन्मान झाला. जो दिलेला शब्द पाळतो, कोणी पाहत नसतानाही नीट वागतो, कमजोराला कमी लेखत नाही, तो मेन्श. मुलगा श्रीमंत झाला, डॉक्टर झाला, तरी आईचा प्रश्न उरतोच की तो मेन्श झाला का? उर्दूत आपण 'आदमी' आणि 'इन्सान' यांत हाच फरक करतो. मराठीत 'माणूस' शब्दापासून 'माणुसकी' केली. आज इंग्रजीत कोणी गेला आणि लोकांना त्याच्याबद्दल एका शब्दात चांगले बोलायचे असेल, तर पुष्कळदा 'मेन्श होता' असे म्हणतात.

शब्द राहिले, भाषेचे काय?

या भाषेला तिचेच लोक शतकानुशतके हसत आले. शिकलेले ज्यू तिला बिघडलेली जर्मन म्हणत. खुद्द तिच्या लेखकांनीही तिला 'झार्गोन' म्हटले. हिब्रू न शिकलेल्या बायकांसाठी मात्र तीच आधार होती. 'त्सेने-रेने' हे धर्मकथांचे यिद्दिश पुस्तक सतराव्या शतकापासून घरोघरी बायकांच्या हातात होते, जसे आपल्याकडे 'बहिश्ती ज़ेवर' लेकीच्या सामानात जात असे. मॅक्स वाइनराइख या यिद्दिशच्या अभ्यासकांना त्यांच्या व्याख्यानाला येणारे न्यूयॉर्कमधले एक शाळामास्तर म्हणाले होते की ज्या बोलीजवळ लष्कर आणि आरमार असते तिला लोक भाषा म्हणतात. वाइनराइख यांनी १९४५ मध्ये ते छापले. यिद्दिशजवळ दोन्ही नव्हते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमारे एक कोटी दहा लाख लोक यिद्दिश बोलत. नाझींनी साठ लाख ज्यूंची कत्तल केली, त्यांत बहुतेक यिद्दिश बोलणारे होते. सोव्हिएत रशियात १२ ऑगस्ट १९५२ रोजी तेरा जणांना गोळ्या घातल्या, त्यांत यिद्दिशचे नावाजलेले कवी-लेखक होते. इस्राएलने हिब्रू उचलून धरली आणि यिद्दिशला मागे सारले. आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांना १९७८ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा त्यांनी भाषणाची सुरुवात यिद्दिशमध्ये केली.

पण अमेरिकेत तर कोणी गोळ्या घातल्या नव्हत्या. तिथे काय झाले? आईबापांना वाटले मुलांचे इंग्रजी बिघडेल. त्यांनी मुलांशी मोडके इंग्रजी बोलायला सुरुवात केली आणि यिद्दिश ठेवली आपसात, मुलांना कळू नये अशा गोष्टींसाठी. मुलांच्या कानांवर जे पडले ते स्वयंपाकघरातले, रागवण्यातले, थट्टेतले आणि शाबासकीचे. आता वरची यादी पुन्हा वाचा. बेगल, नॉश, क्वेच, क्लट्झ, ख़ुत्स्पा, मेन्श. इंग्रजीत उरलेले शब्द म्हणजे नानीच्या ओट्याजवळ मुलाने ऐकलेले शब्द. त्याच भाषेत कविता होती, इतिहास होता, राजकारणाच्या चर्चा होत्या, विज्ञानाची पुस्तके होती. ते शब्द नातवंडांपर्यंत आलेच नाहीत.

१९८० मध्ये ॲरन लान्स्की नावाच्या तरुण विद्यार्थ्याने यिद्दिश पुस्तके वाचवायचे ठरवले. जाणकारांचा अंदाज होता की जगात सत्तर हजार पुस्तके उरली असतील. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी दहा लाखांहून अधिक गोळा केली. म्हातारी माणसे त्यांना घरी बोलवत, खाऊ घालत आणि एकेक पुस्तक हातात देताना ते कधी, कसे घेतले ते सांगत. ही पुस्तके परक्या मुलाला का द्यावी लागली? कारण नातवंडांना ती लिपी वाचता येत नव्हती.

उलट ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात किंवा लंडनच्या स्टॅमफर्ड हिलमध्ये जा. तिथले कट्टर धार्मिक हसिदी ज्यू आजही यिद्दिश बोलतात. लहान मुले रस्त्यावर तिच्यातच भांडतात. त्यांच्या भाषेला वाचवायला कोणाला संस्था काढावी लागली नाही, कारण आई बाळाशी त्याच भाषेत बोलते.

आता आपले घर

इशारा हाच आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी उर्दू आहे, कोणाच्या घरी दखनी, कोकणात कोकणी, आणि पुष्कळ घरांत मराठीच मायबोली आहे. शाळेत इंग्रजी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण 'नक्को' म्हणणाऱ्या मुलाला आपण पाहुण्यांसमोर टोकतो की असे गावंढळ बोलू नकोस. हा 'नक्को' मराठीच्या 'नको'वरून आला आहे. दखनीतला 'मैंच', 'उसीच'मधला 'च' मराठीचा. शेकडो वर्षे शेजारी राहिल्याची ती खूण आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मुलाला 'इस्कूलात' काय बोलायचे आणि घरात काय, हे आपोआप कळते. त्यासाठी घरची बोली बंद करावी लागत नाही.

आपणही मुलांशी फक्त 'ईट, सिट, कम हिअर' एवढे इंग्रजी बोलत राहिलो, तर तीस वर्षांनी आपल्या नातवंडांजवळ काय उरेल? शीरखुर्मा, खिचडा, माशाअल्लाह, तौबा तौबा आणि दोन-चार शिव्या. ते शब्द गोड वाटतील, चित्रपटात येतील, इंग्रजीतही शिरतील. पण दादांनी दादीला लिहिलेले पत्र कोणाला वाचता येणार नाही.

काही सोप्या गोष्टी करता येतील.

दिवसातले एक जेवण ठरवा. त्या वेळी सगळ्यांनी घरच्या बोलीतच बोलायचे, मोबाईल बाजूला.

ज्या मुलाचे नाज़रा कुरआन झाले आहे त्याला अरबीची अठ्ठावीस अक्षरे येतातच. उर्दू वाचायला त्यात पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ अशी मोजकी अक्षरे आणि थोडा सराव वाढवावा लागतो. उन्हाळ्याची सुट्टी पुरे होते. पुढे वर्तमानपत्राचे रोज एक शीर्षक वाचू द्या.

जुनी उर्दू-मराठी पुस्तके, लग्नपत्रिका, पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. घरात जागा नसेल तर जवळच्या वाचनालयाला विचारा. वाचता येणारे वडीलधारे घरात असतील तर त्यांच्याकडून ती मोठ्याने वाचून घ्या आणि त्याच मोबाईलवर, ज्यात ग्लिच येतात, त्यांचा आवाज साठवून ठेवा.

आणि एक वही करा. नानी, दादी, ख़ाला, फुफी यांच्या तोंडचे शब्द, म्हणी, टोमणे, दुआ तीत लिहा. देवनागरीत लिहिले तरी चालेल. फक्त पदार्थांची नावे लिहून थांबू नका. शेतीचे, विणकामाचे, होडीचे, दुखण्याखुपण्याचे, नात्यांचे शब्दही लिहा, कारण तेच आधी जातात.

तुमच्या घरातला असा एखादा शब्द, जो शेजारच्या गावातही कोणाला कळत नाही, तो अर्थासह मासिकाच्या पत्त्यावर कळवा. कोणत्या गावचा आणि कोण वापरत असे तेही लिहा. पुरेसे शब्द आले तर पुढच्या एका अंकात इन्शाअल्लाह हे सदर त्यांच्यासाठीच ठेवू.

खुदा हाफिज़.